छातीतील दुखण्याचे निदान होत नाही आणि तज्ज्ञांची मते जुळत नाहीत; पुढे कसे जावे?

प्रश्न : अबोली

माझे वय ४८ वर्षे आहे. गेल्या वर्षभरापासून माझ्या छातीत अधूनमधून दुखते, आणि या काळात जेवढे तज्ज्ञ गाठले तेवढी निदाने हाती आली आहेत. ती एकमेकांशी जुळत नाहीत, इतकेच नव्हे तर एकाने सुचवलेला उपाय दुसरा अनावश्यक ठरवतो. म्हणून सर्व हकीकत क्रमाने मांडते आहे.

दुखणे छातीच्या मध्यभागी आणि डाव्या बाजूला असते. कधी दडपल्यासारखे वाटते, तर कधी टोचल्यासारखे. जिने चढताना होते, पण दर वेळी होतेच असे नाही. काही वेळा पहाटे जाग येते ती दुखण्यानेच. ईसीजी आणि टूडी एको नॉर्मल आहेत. ट्रेडमिल चाचणीवर ‘माइल्डली पॉझिटिव्ह’ असा शेरा आला, म्हणून हृदयाची सीटी अँजिओग्राफी केली. तीत कोणत्याही धमनीत अडथळा दिसला नाही आणि धमन्यांत साठलेले कॅल्शियम मोजणारा कॅल्शियम स्कोअर शून्य आला.

पहिल्या हृदयविकारतज्ज्ञांनी हा अहवाल पाहून हृदय निर्दोष असल्याचे सांगितले आणि पोटाकडे लक्ष देण्यास सुचवले. पोटविकारतज्ज्ञांनी एंडोस्कोपी केली, जठराला किंचित सूज असल्याचे सांगितले आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आठ आठवडे दिल्या. त्यांनी जेवणानंतरची जळजळ थांबली. छातीतले दुखणे मात्र होते तसेच राहिले. अस्थिरोगतज्ज्ञांनी बरगड्या दाबून पाहिल्या, मी कळवळले, आणि बरगड्यांच्या कूर्चेचा दाह, म्हणजे कॉस्टोकॉन्ड्रायटिस, असे निदान होऊन वेदनाशामक गोळ्या सुरू झाल्या. आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या मते हे सगळे ताणाचे आणि वयाचे आहे. शेवटी दुसऱ्या हृदयविकारतज्ज्ञांचे मत घेतले. ते म्हणाले की मोठ्या धमन्या स्वच्छ असल्या तरी हृदयाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा अँजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणारे दुखणे, असू शकतो. त्यांनी बीटा ब्लॉकर हे हृदयाचे ठोके मंद करणारे औषध लिहून दिले आहे आणि कॅथेटरद्वारे, म्हणजे रक्तवाहिनीतून बारीक नळी सरकवून, करायची एक विशेष चाचणीही सुचवली आहे. पहिल्या तज्ज्ञांच्या मते ती चाचणी निरर्थक आहे.

माझ्या वडिलांना ५२ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता, त्यामुळे ‘काहीही नाही’ हे उत्तर मला सहज पचत नाही. बीटा ब्लॉकर मी अद्याप सुरू केलेले नाही. एवढ्या मतांतून कोणाचे ग्राह्य धरावे आणि ते कशाच्या आधारावर ठरवावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : स्टेथोस्कोप

मी अनेक वर्षे फिजिशियन म्हणून काम केले असून आता निवृत्त आहे. तुम्हाला न तपासता निदान करणे मला शक्य नाही आणि ते योग्यही होणार नाही. मात्र ही मते परस्परविरोधी का दिसतात, ते सांगता येईल. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. दुखणे विश्रांती घेऊनही काही मिनिटांत ओसरले नाही, नेहमीपेक्षा तीव्र झाले, किंवा त्याच्या जोडीला घाम, धाप, भोवळ, जबड्यात वा हातात कळ, पाठीत फाटल्यासारखी वेदना यांपैकी काही असेल, तर आधीचे सारे अहवाल चांगले असले तरी रुग्णवाहिका बोलवावी. जुना नॉर्मल ईसीजी त्या दिवसाची हमी देत नाही.

तुमच्या लेखनात मला एक नव्हे, दोन दुखणी दिसतात. दडपल्यासारखे मध्यभागी होणारे एक, आणि टोचल्यासारखे डावीकडे होणारे दुसरे. तुम्ही ती एकाच वाक्यात सांगता, त्यामुळे प्रत्येक तज्ज्ञाने आपल्या परिचयाचे तेवढे उचलले असावे. अस्थिरोगतज्ज्ञांचे निदान डावीकडच्या दुखण्यापुरते अचूक आणि मध्यभागातल्या दुखण्याबाबत पूर्णतः गैरलागू असू शकते. बरगडी दाबल्यावर दुखले, यातून तेवढी जागा दुखरी आहे इतकेच सिद्ध होते. दाबल्यावर ‘हेच ते माझे नेहमीचे दुखणे’ असे वाटले की वेगळेच काही दुखले, हा प्रश्न तुम्हाला विचारला गेला होता का?

आता चाचण्यांविषयी. विश्रांतीच्या वेळी काढलेला ईसीजी त्या काही सेकंदांपुरता बोलतो. एकोमध्ये हृदयाचा पंप आणि झडपा दिसतात, धमन्यांतला रक्तप्रवाह कमी पडतो की नाही ते दिसत नाही. सीटी अँजिओग्राफी मोठ्या धमन्या उत्तम दाखवते, आणि तुमचा अहवाल खरोखरच दिलासा देणारा आहे. स्कॉटलंडमधील स्कॉट-हार्ट अभ्यासाचे ४,१४६ रुग्णांवरील पाच वर्षांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीच्या तपासण्यांना या सीटीची जोड मिळालेल्या गटात हृदयधमनीविकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचे प्रमाण २.३ टक्के होते, तर दुसऱ्या गटात ३.९ टक्के. पहिल्या तज्ज्ञांचा या तपासणीवरचा विश्वास अनाठायी नाही. परंतु अर्ध्या मिलिमीटरहून लहान रक्तवाहिन्या या चित्रात दिसत नाहीत, आणि हृदयाच्या स्नायूला रक्त किती पोहोचवायचे हे मुख्यतः त्याच ठरवतात. धमन्या स्वच्छ असूनही अँजायना असणाऱ्या रुग्णांसाठी १९७३ पासून ‘सिंड्रोम एक्स’ असे नाव वापरात आले, ते कारण ठाऊक नसल्यामुळेच. ‘अडथळा नाही’ आणि ‘हृदयाचा संबंध नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले सिद्ध झाले आहे, दुसरे अद्याप नाही.

ट्रेडमिलचा शेरा दोन्ही बाजूंनी वाचता येतो. ढोबळमानाने ही चाचणी अडथळा असलेल्या १०० जणांपैकी ६८ जणांत पॉझिटिव्ह आणि अडथळा नसलेल्या १०० पैकी ७७ जणांत निगेटिव्ह येते. ज्यांच्यात मुळातच शक्यता कमी आहे अशा १०० जणांपैकी १० जणांना अडथळा आहे असे धरले, तर सुमारे ७ खरे आणि २१ खोटे पॉझिटिव्ह निघतात. म्हणजे चारांतील तीन शेरे फसवे. स्त्रियांमध्ये असे अधिक घडते. पहिल्या तज्ज्ञांनी बहुधा हाच हिशेब केला. दुसऱ्यांनी असा विचार केला असावा की अडथळा नसतानाही रक्तपुरवठा खरोखरच कमी पडत असेल, तर हाच शेरा खरा ठरेल. दोघांनी एकच कागद वाचला, प्रश्न मात्र वेगवेगळे विचारले.

कृपया एवढे सांगा : दोन्ही दुखणी किती वेळ टिकतात, कशाने सुरू होतात, श्वासाने वा कूस बदलल्याने वाढतात का, आडवे झाल्यावर वाढून पुढे वाकल्यावर कमी होतात का (हे हृदयावरणाच्या दाहात दिसते)? मायग्रेन आहे का, थंडीत बोटे पांढरी पडतात का? हिमोग्लोबिन आणि थायरॉइड कधी तपासले होते?

प्रतिसाद २ : पांथस्थ

मी डॉक्टर नाही, परंतु पोटविकाराचा भाग एंडोस्कोपीवर संपत नाही, हे स्वतःच्या दुखण्यामुळे शिकलो आहे. माझे दुखणेही मध्यभागी आणि दडपल्यासारखे असे, आणि जिभेखाली नायट्रोग्लिसरीनची गोळी ठेवली की थांबे. त्यामुळे ते हृदयाचेच आहे याविषयी सर्वांची खात्री होती. अखेरीस अन्ननलिकेचा दाब मोजणारी मॅनोमेट्री केली आणि अन्ननलिकेच्या स्नायूंचे आकुंचन सापडले. ही गोळी तो स्नायूही सैल करते, म्हणून तिच्याने बरे वाटले यावरून निदान ठरत नाही, हे मला तेव्हा कळले. एंडोस्कोपीत आतले अस्तर दिसते, हालचालीतला दोष बऱ्याचदा निसटतो. चोवीस तासांची आम्लमापन चाचणी झाली नसेल तर तिच्याविषयीही विचारावे.

प्रतिसाद ३ : साशंक

मला येथे थोडा विरोधी सूर लावायचा आहे. ज्या व्यक्तीचा कॅल्शियम स्कोअर शून्य आहे आणि धमन्या स्वच्छ आहेत, तिच्यावर आणखी एक कॅथेटर प्रक्रिया करण्याने नेमके काय साधणार? अशा चाचणीनुसार उपचार ठरवण्याविषयीचा कॉरमिका हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील १५१ रुग्णांत दुखणे कमी झाले आणि जीवनमान सुधारले हे खरे, परंतु झटका किंवा मृत्यू यांच्या प्रमाणात फरक आढळला नव्हता. कॅथेटर म्हटले की रक्तस्राव आणि धमनीला इजा होण्याचा धोका, तो कितीही लहान असला तरी, असतोच. शिवाय प्रत्येक नव्या तपासणीत काहीतरी किरकोळ सापडते आणि त्याच्यामागे आणखी एक तपासणी लागते. दिलेली गोळी घेऊन पाहावी, आराम पडला तर निदान झालेच, असे मला वाटते.

प्रतिसाद ४ : स्टेथोस्कोप

साशंक यांनी दिलेली माहिती बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. चाळिशीनंतरच्या स्त्रीला वर्षभर दुखणे असेल, तर ते कमी होणे हे ‘केवळ’ जीवनमान म्हणून बाजूला सारण्यासारखे नाही. अडथळा नसलेला अँजायना पूर्णतः निर्धोक असतो, हा जुना समजही पुढील संशोधनात टिकलेला नाही.

मुख्य आक्षेप ‘गोळी घेऊन पाहावी’ याला आहे. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अँजायनात बीटा ब्लॉकर अनेकदा उपयोगी पडते. परंतु धमनी मधूनच आकसते अशा अँजायनात, ज्याचे वर्णन प्रिंझमेटल यांनी १९५९ मध्ये केले, बीटा ब्लॉकरने, विशेषतः प्रोप्रॅनोलॉलसारख्या औषधाने, दुखणे वाढू शकते. तेथे कॅल्शियम चॅनल ब्लॉकर हे धमनी सैल करणारे औषध द्यावे लागते. या दुसऱ्या प्रकारात दुखणे बहुधा विश्रांतीच्या वेळी, रात्री किंवा पहाटे येते. अबोली यांना पहाटे दुखण्याने जाग येते. औषधाचा चुकीचा गट निवडला गेला, तर गोळीने बरे वाटले नाही म्हणून हृदयाचा संबंधच नाही असा उलटा निष्कर्षही निघू शकेल, आणि मग चर्चा पुन्हा ताणावर येऊन थांबेल.

कॅथेटर चाचणी ही पहिली पायरी नाही, हे मात्र मला मान्य आहे.

प्रतिसाद ५ : मनोगती

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. ‘ताणाचे आहे’ हे निदान इतर सर्व तपासण्या संपल्यावर उरलेल्या जागेत भरण्यासाठी नसते. पॅनिक डिसऑर्डरला स्वतःची लक्षणे आहेत : काही मिनिटांत टोकाला जाणारी भीती, छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, आता आपण मरणार किंवा भान सुटणार असे वाटणे, आणि पुढचा झटका केव्हा येईल या धास्तीने वागणे बदलणे. ही लक्षणे विचारून, मोजून निदान करावे लागते. ती नसतील तर ‘ताण’ हे उत्तर म्हणजे उत्तर न देणेच होय, आणि वयाचा उल्लेख करून स्त्रियांना ते जरा जास्तच सहज दिले जाते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. एखाद्याला हृदयाचा आजार आणि पॅनिक डिसऑर्डर दोन्ही असू शकतात. जलद आणि खोल श्वासोच्छ्वासाने काही रुग्णांच्या हृदयधमन्या प्रत्यक्ष आकसतात, त्यामुळे भीती आणि धमनी यांच्यात आपण समजतो तेवढे अंतर नाही. कारण कोणतेही निघाले तरी दुखण्याच्या भीतीवर संज्ञानात्मक वर्तन उपचारांचा उपयोग होतो. हे उपचार घेतले म्हणजे दुखणे काल्पनिक असल्याची कबुली दिली, असे अबोली यांनी मानू नये. भीती आधी येते की दुखणे आधी येते, एवढे मात्र त्यांनी बारकाईने पाहावे.

प्रतिसाद ६ : अबोली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉक्टरसाहेबांनी विचारल्याप्रमाणे दोन्ही दुखण्यांची नोंद वेगवेगळी ठेवली, आणि ती खरोखरच निराळी आहेत.

डावीकडचे दुखणे बोट ठेवून दाखवता येते. कूस बदलताना, जड पिशवी उचलल्यावर, खोल श्वास घेतल्यावर ते वाढते, आणि तेथे दाबले की हुबेहूब तेच दुखते. मध्यभागातले दुखणे बोटाने दाखवता येत नाही, तळहात ठेवावा लागतो. ते दहा-पंधरा मिनिटे टिकते, बहुतेक वेळा पहाटे येते, आणि जिन्यावर येते तेही सकाळच्याच वेळी. संध्याकाळी तेच जिने मी विनासायास चढते. श्वासाचा, जेवणाचा किंवा पुढे वाकण्याचा त्याच्याशी संबंध आढळला नाही. मायग्रेन विशीपासून आहे. थंडीत बोटे पांढरी पडतात, पण ते मी आजवर कोणालाच सांगितले नव्हते, कारण छातीच्या दुखण्यात बोटांचे काय सांगायचे?

भीती दुखण्यानंतर येते, आधी नाही. मुंग्या वगैरे होत नाहीत.

थायरॉइड ठीक आहे. एंडोस्कोपीपूर्वी केलेल्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ९.८ होते. मासिक पाळीत गेली काही वर्षे रक्तस्राव जास्त होतो, म्हणून ते थोडे कमी असणारच असे मी धरून चालले होते आणि कोणी त्याविषयी काही बोललेही नाही. वेदनाशामक गोळ्या अजूनही गरजेनुसार घेते.

प्रतिसाद ७ : स्टेथोस्कोप

ही माहिती पहिल्याच भेटीत एका कागदावर असती, तर निम्मे मतभेद उद्भवले नसते. यात दोष तुमचा नाही, ती विचारून घेणे हे आमचे काम असते.

डावीकडचे दुखणे छातीच्या भिंतीचे दिसते, आणि अस्थिरोगतज्ज्ञांचे निदान त्यापुरते मान्य करायला हरकत नाही. परंतु त्यांनी दिलेल्या गोळ्यांनी जठराची सूज वाढू शकते, सुजेतून सूक्ष्म रक्तस्राव होऊ शकतो, आणि तुमचे हिमोग्लोबिन आधीच कमी आहे. पोटविकारतज्ज्ञांना गोळ्या ठाऊक होत्या का, अस्थिरोगतज्ज्ञांना एंडोस्कोपीचा अहवाल ठाऊक होता का? ९.८ हा आकडा किरकोळ नाही. रक्तात प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी झाली की धमन्या स्वच्छ असूनही श्रमाच्या वेळी हृदयाच्या स्नायूला तो अपुरा पडू शकतो. आधी फेरिटिनसह (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो) लोहाची तपासणी, रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला आणि वेदनाशामकांना पर्याय, ही तीन कामे कोणत्याही मोठ्या चाचणीची वाट न पाहता करावीत.

मात्र पहाटेचे दुखणे केवळ या पांडुरोगाने उलगडत नाही. पहाट, मायग्रेन आणि थंडीत पांढरी पडणारी बोटे ही जुळणी धमन्या आकसण्याच्या प्रवृत्तीकडे बोट दाखवते. हे निदान नव्हे, संशय आहे; पण तो तपासून पाहण्याइतका सबळ आहे. म्हणून दुसऱ्या हृदयविकारतज्ज्ञांकडे पुन्हा जाऊन पहाटेच्या दुखण्याचा नेमका तपशील द्यावा आणि तो लक्षात घेता बीटा ब्लॉकरच योग्य आहे का, असे सरळ विचारावे. गोळी स्वतःहून सुरू करू नये आणि त्यांना न कळवता तशीच बाजूलाही ठेवू नये. दुखणे चालू असताना ईसीजी मिळाला तर तो अमूल्य ठरेल. त्यासाठी अनेक दिवस अंगावर ठेवायचे, सतत ईसीजी नोंदवणारे हॉल्टर यंत्र सुचवले जाऊ शकते. सूक्ष्म रक्तवाहिन्यांसाठी हृदयावर ताण देऊन केलेली एमआरआय किंवा पेट स्कॅन तपासणी हा कॅथेटरविना पर्याय आहे, परंतु धमनी आकसण्याचा प्रश्न त्यातून सुटत नाही. त्याचे उत्तर, धमनी आकसते का हे पाहण्यासाठी ॲसिटिलकोलीन हे द्रव्य देऊन केलेल्या कॅथेटर चाचणीतच मिळते. त्याच वेळी रक्तवाहिन्या रुंद करणाऱ्या ॲडिनोसिनने रक्तप्रवाहाची राखीव क्षमता, म्हणजे विश्रांतीच्या तुलनेत प्रवाह किती पट वाढू शकतो ते, मोजतात; ती दुपटीहूनही कमी भरली तर सूक्ष्म रक्तवाहिन्यांत दोष असल्याचे मानतात. ही चाचणी जेथे नियमितपणे केली जाते तेथेच करावी. साशंक यांनी सांगितलेला धोका अनुभवी हातांत बराच कमी होतो.

पांथस्थ यांची सूचना मी यानंतरच्या क्रमांकावर ठेवीन. जेवणाशी संबंध नाही आणि आम्लाच्या गोळ्यांनी फरक पडला नाही, म्हणून अन्ननलिका निर्दोष ठरत नाही, फक्त रांगेत मागे जाते.

दोन्ही हृदयविकारतज्ज्ञांना एक प्रश्न सारखाच विचारा : कोणता निष्कर्ष आला तर तुमचे मत बदलेल? ज्यांच्याकडे या प्रश्नाचे ठोस उत्तर असेल, त्यांच्या मताला मी अधिक वजन देईन. आणि सर्व कागद एकत्र ठेवणारा एक फिजिशियन निवडा. तुमचे फॅमिली डॉक्टरही ते करू शकतील, ‘ताण’ हा शेरा थोडा बाजूला ठेवण्याची त्यांची तयारी असेल तर.

प्रतिसाद ८ : अबोली

आभारी आहे. फॅमिली डॉक्टरांची या आठवड्यातील वेळ घेतली असून नोंदींची प्रत त्यांना देईन. एकच शंका उरते. कॅथेटर चाचणी करायचे ठरलेच, तर तोपर्यंत सुरू झालेली औषधे आधी थांबवावी लागतात का?

प्रतिसाद ९ : स्टेथोस्कोप

सामान्यतः होय. नायट्रेट (नायट्रोग्लिसरीनच्या गटातील) आणि कॅल्शियम चॅनल ब्लॉकर ही औषधे धमनीला आकसू देत नाहीत, त्यामुळे ती चालू असताना केलेली चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. ॲडिनोसिनचा परिणाम कॅफीनमुळे दबतो, म्हणून चहा, कॉफी आणि कोलाही आदल्या दिवसापासून बंद ठेवायला सांगतात. कोणते औषध किती तास आधी थांबवायचे, हे चाचणी करणारे तज्ज्ञ लेखी देतात. ते त्यांच्याकडून मागून घ्या. औषध बंद असताना दुखणे उठले तर काय घ्यायचे, तेही त्याच कागदावर लिहून मागा.